दुसऱ्या प्रयोगाची अट

वॉटफर्डच्या आमच्या घराला गॅरेज आहे, पण त्यात गाडी एकदाही गेलेली नाही. तिथे मंडळ राहतं. गणपतीच्या मखराचे तुकडे, घडीच्या खुर्च्या, भाता फाटलेली पेटी, कुणीतरी भारतात परत जाताना ‘ठेवा हो तुमच्याकडे’ म्हणून दिलेले ढोल. मी मंडळाची सांस्कृतिक सचिव आहे. हे पद कुणी मागून घेत नाही. एका वर्षी मीटिंगला उशिरा पोचलं की ते आपोआप मिळतं, आणि मग सुटत नाही.

उशिराचं मी गमतीने म्हणत नाही. आमच्या मंडळात उशिराने येण्याची एक शिस्त आहे. दहाची तालीम म्हटलं की अकरा, आणि चारचा कार्यक्रम म्हटलं की पाच. त्यात कुणी साडेपाचला आलं तर मात्र लोक नाराज होतात, कारण तो खरा उशीर. तिकिटावर चार छापायचं ते लोकांनी पाचला यावं म्हणून, हे आमच्या समितीतल्या नव्या माणसालासुद्धा पहिल्याच बैठकीत समजतं. ऑफिसात हेच लोक नऊच्या मीटिंगला आठ पंचावन्नला हजर असतात. रविवारी भारतीय माणूस होण्याची मुभा हवी ना.

तर एका रविवारी गॅरेजमध्ये गुढीपाडव्याच्या गाण्यांची तालीम चालली होती. आम्ही सात-आठ बायका, माझा नवरा, आणि नुकताच नागपूरहून कामाच्या व्हिसावर आलेला एक सॉफ्टवेअरवाला, ज्याचा गळा चांगला आहे असं त्याच्या बायकोने आम्हाला सांगितलं होतं. शटरवर टकटक झाली. नवऱ्याने ते वर केलं आणि लगेच ‘सॉरी’ म्हणाला, कारण बाहेर शेजारी उभे होते. आमच्या डावीकडच्या घरात एक चेक दंतवैद्य बाई राहते, तिचे वडील. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पांढऱ्या भुवया, पायात घरातल्या सपाता. आवाजाची तक्रार असणार असं आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरलं.

ते म्हणाले, “तिसऱ्या बाई फार छान गातात. पण त्या दुसऱ्या बाईंचं अजिबात ऐकत नाहीत. आणि तुम्ही सगळे दाराकडे पाठ करून का उभे आहात?”

दाराकडे पाठ करायचं कारण असं की दारातून वारा येतो. ते आम्ही त्यांना सांगितलं नाही. त्यांनी दोन खुर्च्या हलवल्या, ढोल बाजूला सारले, तिसऱ्या बाईंना दुसऱ्या बाईंच्या समोर उभं केलं आणि हाताने ‘चला’ अशी खूण केली. आम्ही गायलो. पहिल्यांदाच ते गाणं गाण्यासारखं लागलं. दुसरी बाई मी होते, त्यामुळे मला जरा जास्तच बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी चकल्या घेऊन त्यांच्याकडे गेले. घरात शिरल्या शिरल्या डाव्या भिंतीवर पोस्टरच पोस्टर. सगळी नाटकांची, सगळी चेकमध्ये, आणि प्रत्येकाच्या खाली कोपऱ्यात पेनाने एक आकडा लिहिलेला. त्यांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि मला भिंतीवरून आपलं आयुष्य दाखवायला सुरुवात केली. एका लहान गावातल्या थिएटरात ते दिवे हलवायला लागले. मग प्रॉम्प्टर झाले, मग दिग्दर्शक. ऑपेरेटा म्हणजे हलकीफुलकी संगीत नाटकं, मुलांची नाटकं, कळसूत्री बाहुल्या. आणि संगीतिका लिहिल्या. चाल दुसऱ्याची, गोष्ट आणि गाण्यांचे शब्द यांचे. पुढे देशातली राजवट बदलली, परदेशातल्या मोठमोठ्या संगीतिका यायला लागल्या, तेव्हा त्या चेकमध्ये आणायचं कामही त्यांनी मजेत केलं. मुलीच्या मागे इंग्लंडला आले आणि इथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. ते हे सांगताना अजिबात रडगाणं गात नव्हते. “माझं सगळं दुकान एका भाषेत होतं,” असं म्हणाले आणि दुसरी चकली घेतली.

“आणि हे आकडे?” मी विचारलं.

“प्रयोग. पहिला प्रयोग सोडून.”

पहिला प्रयोग का सोडायचा, ते त्यांनी समजावलं. पहिल्या प्रयोगाला नातेवाईक येतात, अधिकारी येतात, बाकीच्या थिएटरातले मत्सरी लोक येतात. तो प्रयोग कसाही होतो, टाळ्या मिळतातच. त्यांच्याकडे मोजणी सुरू होते ती दुसऱ्या प्रयोगापासून. दुसरा प्रयोग झाला, म्हणजे नाटक जन्माला आलं. मला हे पटायला वेळ लागला नाही. नाटकाच्या जाहिरातीत प्रयोगाचा आकडा शीर्षकाएवढ्या टायपात छापणाऱ्या लोकांतली मी. लहानपणी ठाण्याला वडील पेपर उघडून आधी कुठल्या नाटकाचा कितवा प्रयोग ते बघायचे आणि मग देशाचं काय चाललंय ते.

एका पोस्टरखाली मात्र आकडा नव्हता. चित्रात एक नदी, मधोमध मोडलेला पूल, एका काठावर त्यांच्याकडच्यासारखा पांढऱ्या जाळीचा बुरखा घेतलेली नवरी, आणि दुसऱ्या काठावर नवरा.

ती त्यांनी तरुणपणी लिहिलेली संगीतिका. गोष्ट अगदी साधी. लग्नाच्या दिवशी पूल पडतो. वऱ्हाड एका काठाला, मांडव दुसऱ्या काठाला. अख्खं लग्न, मानपान, रुसवेफुगवे सगळं नदीच्या वरून ओरडून, म्हणजे गाऊन. पहिला प्रयोग झाला, लोक खूश. पण त्या गावातला खराखुरा पूलही दुरुस्तीच्या नावाखाली अर्धवट पडलेला होता, आणि त्या खात्याचा साहेब पहिल्या रांगेत बसलेला होता. दुसऱ्या दिवशी नाटक बंद. यांना बाहुल्यांच्या थिएटरात पाठवलं. बाहुल्यांत त्यांचे दिवस चांगले गेले, पण हे नाटक मेलं ते मेलंच. पुढे काळ बदलल्यावर त्यांनी दोन-तीन थिएटरांना विचारलं, तेव्हा सगळ्यांना नवं आणि परदेशी हवं होतं.

“म्हणजे झालंच नाही ते,” ते म्हणाले. “एकदा झालेलं नाटक हे झालेलं नाटक नसतं.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आपण करू या का? मराठीत?” मला असं बोलून टाकायची सवय आहे. नवरा म्हणतो, माझं तोंड माझ्यापेक्षा मोठ्या पदावर आहे.

ते पोस्टरकडे वळले. मग म्हणाले, “करू. पण एक अट. दोन प्रयोग. मराठीतलासुद्धा पहिला मी मोजणार नाही.”

मी हो म्हटलं. मंडळाच्या इतिहासात कुठल्याही नाटकाचा दुसरा प्रयोग झालेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. एक हॉल, एक संध्याकाळ, नाटकानंतर मसालेभात. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना.

मग सुरू झालं भाषांतर, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा तीन महिन्यांचा गोंधळ. त्यांची काम करायची पद्धत अशी की आधी चाल घ्यायची आणि तिच्यावर काहीही अर्थ नसलेले आवाज गायचे. ‘लोंबा तारा डुबी डा’ असलं काहीतरी. कुठे जोर, कुठे श्वास, कुठे लांबवायचं हे त्या बडबडीत पक्कं झालं की मगच शब्द. चालीवर शब्द बसवणं आपल्या संगीत नाटकांना काही नवं नाही, पण मी स्वतः कधी केलेलं नव्हतं. मी मोठ्या उत्साहाने एका कडव्याचा सुंदर अर्थ आणला. त्यांनी तो गाऊन घेतला आणि मान हलवली. वरच्या स्वरावर माझी ‘ई’ येत होती, आणि तिथे ‘ई’ धरून ठेवली की गाणारी बाई उंदीर बघितल्यासारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं. माझी मुलगी नवरीचं काम करणार होती, तिने आरशासमोर गाऊन बघितलं आणि म्हणाली, “आई, काका इज राइट. प्लीज चेंज कर.” एव्हाना ते सगळ्यांचेच काका झाले होते. मुलगी इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. तिचं मराठी घरापुरतं असतं, पण गाण्यात मात्र ती एक अक्षर चुकत नाही.

शेवटी ‘या काठाला मी उभी, त्या काठाला वऱ्हाड’ ही ओळ बसली. ‘वऱ्हाड’मधला आ ते पाच वेळा गाऊन आले. मग त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, लग्नाला निघालेली नवऱ्याकडची सगळी मंडळी, म्हणजे काका, मामा, रुसणारी आत्या, फुकट जेवायला आलेला शेजारी, हे सगळं एका शब्दात. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आपल्या मुलीला क्लिनिकमध्ये फोन करून हातातलं काम सोडायला लावलं आणि तो शब्द ऐकवला. बिचारी कुणाच्या तरी दाढेत हात घालून बसली होती.

गॅरेजमधल्या तालमींना ते पहिल्या रविवारी बरोबर दहाला आले. तेव्हा मी अंघोळीला होते आणि नवरा झोपलेला होता. दुसऱ्या रविवारी ते साडेदहाला आले. तिसऱ्या रविवारपासून अकराला पाच कमी असताना शटरवर टकटक व्हायची, आणि तोपर्यंत एखाददुसरा आलेला असायचा. त्यांनी याबद्दल एक अक्षर काढलं नाही. आम्हाला वाटलं, रुळले.

मराठीतला एक शब्द मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी शिकून घेतला. ‘पुन्हा.’ एखादा प्रवेश संपला की आम्ही शाबासकीच्या आशेने त्यांच्याकडे बघायचो आणि ते शांतपणे म्हणायचे, “पुन्हा.” की आपापल्या जागेवर परत. नवरीची आई झालेली मी, नवरीचा बाप झालेला माझा नवरा, नागपूरचा नवरदेव, आणि नवरदेवाचे वडील झालेले साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातले डॉक्टर, जे ड्युटी सांभाळून गाडी मारत यायचे आणि आल्यावर पहिली दहा मिनिटं ट्रॅफिकवर बोलायचे. तीन महिन्यांत तो शब्द ऐकला की आमचे पाय आपोआप चालायला लागायचे. मुलगी सांगायची, ऑफिसात कुणी ‘अगेन’ म्हटलं तरी ती उठून उभी राहते.

विश्रांतीत चहा पिताना ते थिएटरातल्या गोष्टी सांगायचे. त्यातली आम्हाला सगळ्यात आवडलेली म्हणजे शेवटच्या प्रयोगाची. त्यांच्याकडे नाटकाचा शेवटचा प्रयोग हा सणच. त्या दिवशी नट एकमेकांच्या खोड्या काढतात. रिकाम्या पेटीत विटा भरून ठेवायच्या, चहाच्या कपात मीठ घालायचं, आणि समोरच्याने चेहरा न हलवता प्रवेश पुढे न्यायचा. प्रेक्षकांना ते माहीत असतं आणि ते त्यासाठीच तिकीट काढतात. मुलीने विचारलं, “मग आपल्यात पण करायचं?” ते म्हणाले, “आधी दुसरा तर होऊ दे. शेवटचा लांबच.”

दुसरा. माझ्या छातीवर ते ओझं रोज होतं. मी लीड्सच्या मंडळाला विचारलं. त्यांनी हो म्हटलं, मला वाटलं गंगेत घोडं न्हालं. आठवड्याने त्यांचा फोन आला की भारतातून एक जादूगार दौऱ्यावर येतोय आणि समितीने बहुमताने जादूगार घेतला. साउथहॅम्प्टनच्या लोकांनी वीस मिनिटं देऊ केली, हळदीकुंकू आणि तंबोला यांच्या मध्ये. आमच्याच हॉलची दुसरी तारीख बघितली तर तेव्हा डॉक्टरांची ड्युटी, नवरदेव नागपूरला भावाच्या लग्नाला, आणि अर्धं वऱ्हाड भारतात. माझ्या परीने जे जे होतं ते सगळं केलं. प्रयोगाच्या आठवडाभर आधी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की दुसरा प्रयोग होत नाहीये.

मला वाटलं ते नाटकच बंद करतील. करायला हरकत नव्हती, अट अट असते. ते पोस्टरांच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “आपला हॉल किती वाजेपर्यंत आहे?”

“दहा,” मी म्हटलं. मला वाटलं, नेपथ्य आवरायला वेळ मिळेल की नाही हे विचारतायत.

“बरं,” ते म्हणाले. “तिकिटावर चार आहे ना? मी चारला घंटा देईन.”

मी मान डोलवली. दिग्दर्शकाचा मान म्हणून. तसं आमचे अध्यक्षही दर वर्षी ‘यंदा वेळेवर’ म्हणतात.

नोव्हेंबरमधला रविवार होता. चारलाच अंधारून यायला लागतं, हॉलच्या काचांवर धुकं धरलेलं. रंगमंचावर मधोमध निळं कापड अंथरून नदी केली होती, दोन्ही बाजूंना लाकडी खोकी म्हणजे काठ, आणि वरून एक दोरी, जिच्यावरून या काठाची टोपली त्या काठाला जायची. त्या टोपलीतून मानपानाच्या वस्तू जातात, त्यावरून भांडण होतं आणि सगळे गातात, असा तो मुख्य प्रवेश. टोपली अर्थात रिकामी. तिच्यात काय आहे ते फक्त गाण्यात.

विंगेत आम्ही जमलो. आपल्याकडे रंगमंचावर जाण्याआधी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायची पद्धत आहे, म्हणून सगळ्यात आधी डॉक्टर पुढे झाले आणि काकांसमोर वाकले. काका क्षणभर थबकले. मग त्यांचा चेहरा खुलला, ते वळसा घालून डॉक्टरांच्या मागे गेले आणि त्यांनी गुडघ्याने डॉक्टरांच्या पार्श्वभागावर एक हलकी ठोकर दिली. वर तोंडाने तीनदा ‘थू थू थू’ केलं. त्यांच्याकडे प्रयोगाआधी शुभेच्छा अशाच देतात. डॉक्टर वाकले ते त्यासाठीच, अशी त्यांची समजूत. डॉक्टर कन्सल्टंट आहेत, त्यांच्याशी हॉस्पिटलात कुणी डोळे वर करून बोलत नाही. ते सरळ झाले आणि म्हणाले, “थँक यू, काका.” काका घाबरले. त्या शुभेच्छेला थँक यू म्हटलं तर नाटक पडतं म्हणे. डॉक्टरांना पुन्हा वाकायला लावलं, पुन्हा ठोकर, आणि या वेळी गप्प राहायला सांगितलं. मग आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो, पाया पडलो आणि ठोकर खाल्ली. थू थूचं आम्हाला काही वाटलं नाही. माझी आई दृष्ट काढताना तेच करायची.

पडद्याच्या फटीतून मी हॉलमध्ये बघितलं. दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत काकांची मुलगी आणि तिच्या क्लिनिकमधल्या दोघी. आमच्या रस्त्यावरची इंग्लिश मंडळी, कोट घडी करून मांडीवर. हॉलचा केअरटेकर. कुणाच्या तरी मुलाने पार्किंगसाठी लवकर आणून सोडलेले तीन आजोबा. आणि पाहुण्या म्हणून बोलावलेल्या कौन्सिलर बाई, ज्यांना तिकिटावरची वेळ खरी वाटली होती. बाकी हॉल रिकामा. अध्यक्षांचा पत्ता नाही, समई त्यांच्या गाडीत.

“काका, कुणीच नाहीये,” मी म्हटलं. “थोडं थांबू या.”

त्यांनी घड्याळ बघितलं आणि तिसरी घंटा दिली.

नाटक एक तास दहा मिनिटांचं. रिकाम्या हॉलमध्ये आमचे आवाज घुमत होते, पण एकदा सुरू झाल्यावर सुटका नव्हती. इंग्लिश शेजाऱ्यांना शब्द कळत नव्हते, तरी टोपलीच्या प्रवेशाला ते खळखळून हसले. लग्न कुठल्याही देशाचं असो, मानपान त्यांनाही असतोच. पूल पडल्यावर दोन्ही काठांवरचे लोक खात्याच्या साहेबाला शिव्या देतात असं एक गाणं आहे. गाण्यांचा सारांश इंग्लिशमध्ये छापून आम्ही वाटला होता. तो वाचत वाचत कौन्सिलर बाई हसायला लागल्या ते थांबेचनात. कालव्यावरचा एक पूल त्यांच्याही खात्यात अडकलाय म्हणे. विंगेतून काका त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते. बाईंनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनी खांदे सैल सोडलेले मी बघितले.

शेवटच्या गाण्याच्या सुमाराला मागचं दार उघडायला लागलं. आधी थंड वाऱ्याची झुळूक, मग पैठण्यांची सळसळ, मग अत्तर, मग कुजबूज. “सुरू झालं का?” “संपत आलंय वाटतं.” “असं कसं संपेल, आत्ता तर पाच होतायत.” पाच होऊन गेले होते. मुलीने ‘त्या काठाला वऱ्हाड’ म्हणून हात लांब केला आणि खरोखरच समोरून वऱ्हाड आत येत होतं, नटूनथटून, हातात मिठाईचे डबे, पोरं कडेवर. तिला हसू आवरेना. पडदा पडला तेव्हा हॉल गच्च भरलेला होता आणि दहा-पंधरा लोक सोडले तर कुणीही नाटक बघितलेलं नव्हतं.

त्यानंतर जो गोंधळ झाला तो मंडळाच्या इतिहासात जाईल. अध्यक्ष समई बगलेत मारून रंगमंचावर आले. “अहो, असं कसं सुरू केलंत तुम्ही? दीपप्रज्वलन नाही, पाहुण्यांचा सत्कार नाही.” कुणी म्हणालं, तिकिटाचे पैसे परत द्या. कुणी म्हणालं, तिकिटावर चारच आहे, आता काय बोलणार. त्यावर सगळे एकदम, “चार म्हणजे चार होय?” केटररने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून विचारलं की वडे आत्ता तळायचे की आठला. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण सांस्कृतिक सचिव. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तेवढ्यात पडद्याच्या मधल्या फटीतून काका बाहेर आले. अंगात काळा कोट, कडक इस्त्रीचा. मला आठवलं की घंटा देताना तो त्यांनी घातलेला नव्हता. त्यांनी हॉलवरून नजर फिरवली, शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांपर्यंत. मग आमच्याकडे वळले.

“पुन्हा,” ते म्हणाले.

आमचे पाय निघालेसुद्धा. काय होतंय ते डोक्यात शिरायच्या आधी मी माझ्या काठावर जाऊन उभी होते, नवरा मिशी चिकटवत होता, डॉक्टर फोनवर बायकोला सांगत होते की घरी यायला उशीर होईल. मुलगी माझ्याशेजारून जाताना थांबली. “आई, हा दुसरा आहे,” ती म्हणाली. मग डोळे मोठे करून, “आणि लास्ट पण.” आणि ती केटररच्या दिशेने पळाली.

मला तेव्हा कळलं आणि मी तिथेच खोक्यावर बसले. दुसरा प्रयोग. लीड्सने जादूगार घेतला, साउथहॅम्प्टनने वीस मिनिटं दिली, आणि माझ्या वेळेवर न येणाऱ्या लोकांनी आख्खा हॉल भरून दुसरा प्रयोग आणून दिला. मला रडू आलं. मेकअप खराब होतो म्हणून मी वर छताकडे बघत राहिले.

अध्यक्षांनी समई लावली आणि भाषण दोन मिनिटांत आटोपलं, कारण काका विंगेत घंटेवर हात ठेवून उभे होते. प्रयोग असा रंगला की आमचाच विश्वास बसेना. प्रत्येक गाण्याला टाळ्या, साहेबाच्या गाण्याला शिट्ट्या. कौन्सिलर बाई दुसऱ्यांदा बसल्या होत्या आणि शेजारच्यांना पुढचं आधीच सांगत होत्या. टोपलीच्या प्रवेशात दोरीवरून टोपली आली, डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि आतून वाफ निघाली. गरमागरम बटाटेवडे. डॉक्टरांची पुढची ओळ ‘एवढ्यावर का भागायचं’ अशी होती. त्यांनी चेहरा न हलवता एक वडा उचलला, तोंडात घातला आणि ओळ गायली. प्रेक्षकांनी हॉल डोक्यावर घेतला. नवरदेवाने दुसरा घेतला, आत्याने तिसरा, आणि अख्खं वऱ्हाड भरल्या तोंडाने गात राहिलं. सूर गेला, ताल राहिला. मी विंगेकडे बघितलं. काका दोरीचा खांब धरून उभे होते, हसता हसता वाकलेले, आणि त्यांची मुलगी मागून त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. तेही रडत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. पोस्टरांच्या भिंतीशी पेन घेऊन उभे होते. हे सचिवांचं काम आहे म्हणाले. मोडलेल्या पुलाच्या चित्राखाली, उजव्या कोपऱ्यात, मी १ लिहिला. मराठीतला. त्यांनी चष्मा वर करून तो आकडा जवळून बघितला.

मला राहवलं नाही. “काका, खरं सांगा. तुम्ही चारची घंटा मुद्दाम दिलीत ना?”

“मॅडम सेक्रेटरी,” ते म्हणाले, “मी चाळीस वर्षं थिएटरात काढली. माझे प्रेक्षक किती वाजता येतात, ते मला माहीत असायला नको? पहिला प्रयोग मी चारला ठेवला. दुसऱ्याची वेळ तुमच्या लोकांनी कधीपासूनच ठरवून ठेवली होती.”